गुणांचा तराजू : इंटर सायन्सपासून नीटपर्यंत

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं वाटतं, त्यांच्यासाठी या भागाची ही लेखी आवृत्ती. बोलताना झालेली पुनरावृत्ती काढली आहे, बाकी गप्पा तशाच ठेवल्यात.

सुरुवात आपल्या नांदगावपासून करू. दहावीचा निकाल लागला की गावातल्या बऱ्याच घरांत एकच चर्चा रंगते. पोरगी हुशार आहे, सायन्सला घालायची हे ठरलेलं असतं. पण ग्रुप कोणता? गणितवाला ए, जीवशास्त्रवाला बी, की दोन्ही? काका म्हणतात, "दोन्ही घे, दोन्ही दारं उघडी राहतील." आई म्हणते, "झेपेल का तिला?" पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला त्या आठवड्यात ठरवायचं असतं की दोन वर्षांनी मेडिकल आणि इंजिनिअरिंगवाले तिला कोणत्या तराजूत तोलणार आहेत. आणि गंमत अशी, की तो तराजूच सारखा बदलत आलाय. आज त्याचाच इतिहास.

इंटरचा जमाना

तुमच्या आजोबांच्या पिढीला बारावी माहीत नव्हती. अकरावीला एसएससी व्हायची आणि मग कॉलेजात दोन वर्षं, म्हणजे एफ.वाय. आणि इंटर. डॉक्टर व्हायचं तर इंटर सायन्स, बी ग्रुप. परीक्षा विद्यापीठाची, आणि नांदगाव पुणे विद्यापीठाच्या हद्दीत. तिथले गुण हाच प्रवेशाचा आधार. १९७० च्या दशकात १०+२+३ चा आकृतिबंध आला, दहावीची पहिली तुकडी १९७५ मध्ये बाहेर पडली, आणि मग हे सगळं ओझं बारावीच्या बोर्डावर आलं.

आता इथे एक बारकावा आहे, तो नीट ऐका. मेडिकलच्या यादीसाठी बारावीचे फक्त भौतिक, रसायन आणि जीवशास्त्राचे गुण धरायचे. इंजिनिअरिंगला जीवशास्त्राच्या जागी गणित. म्हणजे जिने चारही विषय घेतले, तिचा चौथा विषय दोन्ही याद्यांत प्रत्येकी एकदा शून्य किमतीचा. जास्त ओझं उचललं म्हणून एक गुणही जास्त नाही. उलट जिने गणित सोडून सोपा, 'स्कोअरिंग' विषय घेतला, तिला जीवशास्त्राला वेळ जास्त मिळाला.

अमेरिकेत बऱ्याच शाळा अवघड अभ्यासक्रमाच्या श्रेणीला जादा वजन देतात, आणि तिथली मेडिकल कॉलेजं पदवीतले विज्ञानाचे गुण वेगळे काढून बघतात. किती आणि काय पेललं, हा प्रश्न तिथे विचारला जातो. आपल्या तराजूत तो पारडाच नाही.

पत्त्याचं वजन

गुणांबरोबर आणखी एक गोष्ट तोलली जायची, ती म्हणजे तुम्ही शिकलात कुठे. एकेकाळी राज्यातल्या सरकारी मेडिकल कॉलेजांच्या जागा त्या-त्या विद्यापीठाच्या हद्दीत शिकलेल्यांसाठीच असायच्या. १९८६ मध्ये निदामर्ती महेशकुमार विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सगळ्याच जागा अशा अडवून ठेवता येणार नाहीत. मागास भागांचा विचार करून जास्तीत जास्त ७० टक्के ठेवा, उरलेल्या राज्यभरातल्या मुलांना गुणवत्तेवर खुल्या करा. ७०:३० हे सूत्र इथलं.

नांदगावकरांना हे नकाशावर दिसतं. आपल्या तालुक्याला लागूनच वैजापूर आणि कन्नड, म्हणजे मराठवाडा. आपण मात्र 'उर्वरित महाराष्ट्रात'. शेजारशेजारच्या दोन गावांतली मुलं, गुण सारखे, पण बारावी कुठून केली यावर यादी वेगळी. मराठवाड्याची तक्रार होती की त्यांच्याकडे कॉलेजं कमी, जागा कमी, म्हणून तिथली कटऑफ चढी राहते. लातूर पॅटर्नने गुण खेचून आणायचे आणि जागा मात्र अपुऱ्या. शेवटी सप्टेंबर २०२० मध्ये वैद्यकीय शिक्षणमंत्री अमित देशमुख यांनी हे सूत्र रद्द केल्याचं विधिमंडळात जाहीर केलं.

बोर्ड की सीईटी?

१९९० च्या दशकाअखेरीस मेडिकलला आणि नंतर इंजिनिअरिंगला राज्याची सीईटी आली. कारण पटण्यासारखं होतं. वेगवेगळ्या बोर्डांचे गुण एका मापात कसे बसवणार, आणि प्रॅक्टिकलचे गुण सगळीकडे सारख्याच हाताने दिले जातात का? एक परीक्षा, सगळ्यांना एकच पेपर.

पण मग बारावी उरली पात्रतेपुरती. वर्गातली बाकं रिकामी पडायला लागली आणि क्लासचे हॉल भरले. २०१८ मध्ये शासनाला नाशिकसह मोठ्या शहरांतल्या विज्ञान ज्युनियर कॉलेजांत बायोमेट्रिक हजेरी सांगावी लागली, यावरून ओळखा.

मधे २०१४ आणि २०१५ मध्ये इंजिनिअरिंगसाठी एक तडजोड करून पाहिली. निम्मं वजन जेईई मेनला, निम्मं बारावीच्या पीसीएमला. २०१६ पासून पुन्हा सीईटी. दोन बॅचनी वेगळा नियम भोगला, एवढंच हाती आलं.

मेडिकलची कहाणी याहून नाट्यमय. नीट पहिल्यांदा मे २०१३ मध्ये झाली, जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. एप्रिल २०१६ मध्ये तोच निकाल मागे घेतला गेला आणि त्याच वर्षापासून नीट घ्या असा आदेश निघाला. राज्याची सीईटी अगदी तोंडावर, ५ मे २०१६ ला होती. दोन वर्षं राज्याच्या पुस्तकांवर तयारी केलेल्या मुलांचं काय झालं असेल, विचार करा. मे अखेरीस केंद्राच्या अध्यादेशाने त्या वर्षापुरती राज्याच्या जागांना सूट मिळाली. २०१७ पासून मात्र फक्त नीट.

आजचं पारडं

आज काय स्थिती आहे? नीटचे ७२० गुण, त्यातले ३६० जीवशास्त्राचे. म्हणजे अर्धा तराजू एकाच विषयाचा. एमएचटी-सीईटीच्या पीसीएम गटात भौतिक आणि रसायनचा प्रत्येक प्रश्न एका गुणाचा, गणिताचा दोन गुणांचा. अकरावीच्या अभ्यासक्रमावर साधारण २० टक्के प्रश्न, बारावीवर ८० टक्के. निकाल पर्सेंटाइलमध्ये. बारावीला सर्वसाधारण गटाला मेडिकलसाठी पीसीबीत ५० टक्के आणि इंजिनिअरिंगसाठी पीसीएममध्ये ४५ टक्के लागतात, आरक्षित गटांना दोन्हीकडे ४०.

आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने आणखी एक दार उघडलं. बारावी झाल्यावर जीवशास्त्र जादा विषय म्हणून मान्यताप्राप्त बोर्डातून पास केलं तरी नीटला बसता येतं. आधी दोन वर्षं नियमित शिकलेलं असणं सक्तीचं होतं. म्हणजे आईचा तो "झेपेल का" हा प्रश्न आता थोडा हलका झालाय. सोळाव्या वर्षी सोडलेला विषय कायमचा गेला, असं राहिलेलं नाही.

मला या सगळ्यातून एकच गोष्ट दिसते. प्रत्येक नवा तराजू जुन्याचा अन्याय दूर करायला आला, आणि येताना आपला एक अन्याय घेऊन आला. बोर्डाच्या गुणांनी बोर्डाबोर्डांत फरक केला. सीईटीने क्लासची फी भरू शकणाऱ्याला झुकतं माप दिलं. ७०:३० ने गावाची हद्द मोजली. आणि चार विषयांचं ओझं उचलणारीला यातल्या कुणीच काही दिलं नाही.

तेव्हा पुढच्या जूनमध्ये कुणी काका "दोन्ही घे" म्हणाले, तर त्यांना एवढं विचारा : काका, त्या वर्षी कशाचं वजन होणार आहे? आणि माहितीपत्रक स्वतः उघडून वाचा. काकांच्या वेळचा नियम काकांबरोबर गेला.

भेटू पुढच्या भागात. तुमच्या घरात कुणी इंटरवाले आजोबा-आजी असतील तर त्यांच्याशी जरूर बोला, त्यांचे अनुभव आम्हालाही कळवा.