पाच डॉलरचं तिकीट

हार्डकोर पंक म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यासमोर एकच चित्र येतं: कर्कश गिटार, दीड मिनिटात संपणारं गाणं, माईकवर बेंबीच्या देठापासून ओरडणारा एक पोरगा आणि स्टेजसमोर एकमेकांना धडका देणारी बाकीची पोरं. हे संगीत आवडायलाच पाहिजे असं अजिबात नाही. मला स्वतःला त्यातलं निम्मं झेपत नाही. पण १९८० च्या आसपास अमेरिकेत या पोरांनी एक भांडण सुरू केलं, ते संगीत न आवडणाऱ्यांनीही समजून घेण्यासारखं आहे. प्रश्न साधा होता. कार्यक्रम कोणाचा? वाजवणाऱ्याचा, ऐकणाऱ्याचा, की हॉलचं भाडं भरणाऱ्याचा?

आधी धंदा समजून घेऊ. आपल्याकडे नाटकाचा प्रयोग ठरावीक रकमेला विकत घेणारा कॉन्ट्रॅक्टर असतो, तसा तिकडे प्रमोटर. हॉल, जाहिरात, विमा, साउंड सिस्टिम, दारावरचे बाउन्सर हा सगळा खर्च तो करतो, बँडला एक रक्कम कबूल करतो, आणि तिकिटं खपली नाहीत तर बुडतोही तोच. जोखीम त्याची, म्हणून अटीही त्याच्या. छोट्या क्लबचं गणित आणखी वेगळं. तिथे खरी कमाई तिकिटावर नसते, बारवर असते. दारू न पिणारा प्रेक्षक म्हणजे फुकट अडलेली जागा. त्यात १९८४ च्या केंद्रीय कायद्याने दारूचं वय २१ करण्यासाठी राज्यांवर दबाव आणला (नाहीतर हायवेच्या निधीला कात्री!). मग अनेक क्लबांना सोपा उपाय वाटला तो म्हणजे २१ च्या आतल्यांना दारातूनच परत पाठवायचं.

आता गंमत बघा. हार्डकोर वाजवणारी आणि ऐकणारी मंडळी होती सोळा-सतरा वर्षांची. म्हणजे ज्यांचं संगीत, त्यांनाच दार बंद. 'स्वतःच करा' हे या लोकांचं ब्रीदवाक्य कुठल्या जाड ग्रंथातून आलेलं नाही. ते बरंचसं या बंद दारापाशी उभं राहून सुचलेलं आहे.

वॉशिंग्टन डीसीचं उदाहरण घेऊ. तिथे टीन आयडल्स नावाचा शाळकरी पोरांचा बँड होता. १९८० मध्ये ते कॅलिफोर्नियात वाजवायला गेले. सॅन फ्रान्सिस्कोच्या माबुहाय गार्डन्स या क्लबने त्यांच्या हातावर काळ्या मार्करने मोठी फुली मारली आणि आत सोडलं. फुली म्हणजे बारवाल्याला खूण, याला दारू द्यायची नाही. पोरं परत आली ती ही आयडिया घेऊनच. डीसीत नुकत्याच सुरू झालेल्या नाइन थर्टी क्लबला त्यांनी सुचवलं, आमच्या हातावर फुली मारा पण आत सोडा. पुढे ही फुली दारू-सिगारेटपासून लांब राहणाऱ्या पंक पोरांची अभिमानाची खूण झाली. पण मूळ तिचा उपयोग काय होता, तर दार उघडणं.

वर्षअखेरीस बँड मोडला तेव्हा कार्यक्रमांतून साठलेले साधारण ६०० डॉलर हातात होते. वाटून घेण्याऐवजी पोरांनी त्यात स्वतःची रेकॉर्ड काढली. हजार प्रती, कव्हरं हाताने कापून आणि चिकटवून. त्यातून डिस्कॉर्ड ही कंपनी उभी राहिली. चालवणारे दोघे, इअन मकाय आणि जेफ नेल्सन. बँडशी लेखी करार नाही, खर्च वजा जाता नफ्याची वाटणी.

त्याच सुमारास देशाच्या दुसऱ्या टोकाला, कॅलिफोर्नियात, वेगळीच गोष्ट घडत होती. लॉस एंजेलिसच्या भागात पंक कार्यक्रम म्हणजे पोलिसांची धाड हे जवळजवळ समीकरणच झालेलं. हॉलवाले दारात उभं करेनात. अशा वेळी १९८१ मध्ये गॅरी टोव्हार नावाच्या माणसाने गोल्डनव्हॉइस ही प्रमोटर कंपनी काढली आणि सांता बार्बरात पहिला कार्यक्रम केला. कंपनीचं नाव गांजाच्या एका जातीवरून, आणि भांडवलही तिथूनच! टोव्हार गांजाची तस्करी करायचा आणि तो पैसा पंक कार्यक्रमांत घालायचा. ज्या बँडना कोणी विचारत नव्हतं, त्यांना त्याने ऑलिंपिक ऑडिटोरियमसारख्या हजारो लोकांच्या जागेत उभं केलं. तोटा झाला तर झाला.

म्हणजे प्रमोटर हा कायम लुटारूच असतो असं नाही. टोव्हारचं या संगीतावर प्रेम होतं यात शंका नाही. पण सगळा डोलारा एका माणसाच्या खिशावर उभा होता. १९९१ मध्ये तो पकडला गेला आणि पुढची सुमारे सात वर्षं तुरुंगात गेली. कंपनी त्याने पॉल टॉलेट आणि रिक व्हॅन सँटन या सहकाऱ्यांकडे सोपवली. हे नाव लक्षात ठेवा, गोल्डनव्हॉइस. पुढे परत येणार आहे.

इकडे डीसीत इअन मकायने नवा बँड काढला होता, फुगाझी. पहिला कार्यक्रम ३ सप्टेंबर १९८७, विल्सन सेंटर या वस्तीतल्या सभागृहात. या बँडने दोन नियम केले. तिकीट पाच डॉलर, आणि कार्यक्रम सगळ्या वयांच्या लोकांना खुला.

पाच डॉलर म्हणजे आजच्या हिशोबाने तेरा-चौदा डॉलर. थोडं गणित करू. समजा आठशे लोक आले. गल्ला चार हजार डॉलर. त्यात हॉल, साउंड, विमा, प्रमोटरचा वाटा आणि बँडचं पेट्रोल. जमतं, पण केव्हा? बाकी सगळं त्यात बसवलं तर. म्हणून फुगाझीला मॅनेजर नव्हता. कार्यक्रम ठरवायची फोनाफोनी मकाय स्वतः करायचा. मुक्काम हॉटेलऐवजी शक्यतो ओळखीपाळखीच्यांच्या घरी. टी-शर्ट विकायचे नाहीत. (लोकांनी परस्पर चोरटे शर्ट छापले, त्यांवर चक्क 'हा फुगाझीचा टी-शर्ट नाही' असं लिहून!) आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर त्यांनी एक व्हेरिएबल कॉन्स्टंट करून टाकला. किंमत हलणार नाही म्हटल्यावर बाकी सगळ्याला हलावं लागलं.

आणि इथेच एक गोष्ट नीट पाहायला हवी. फुगाझी प्रमोटरशी व्यवहार करतच नव्हते असं नाही. करत होते. अट एवढीच की किंमत आम्ही ठरवणार आणि पंधरा वर्षांचा पोरगा आत येणार. मान्य नसेल तर ते दुसरी जागा शोधायचे. कधी चर्चचं तळघर, कधी कम्युनिटी हॉल. गावात क्लबशिवायही जागा असतात हे एकदा कळलं की क्लबवाल्याची 'असंच करावं लागतं' ही भाषा बदलते. नाही म्हणण्याची ताकद पर्यायातून येते, नुसत्या तत्त्वातून येत नाही.

पाच डॉलरचा आणखी एक उपयोग होता. बाउन्सरकडून हाणामारी करवण्यापेक्षा बँड स्वतःच गाणं थांबवायचा. धुडगूस घालणाऱ्याला सांगायचं, नीट राहा. नाही ऐकलं तर पाच डॉलरची नोट घातलेलं पाकीट त्याच्या हातात, आणि बाहेर. पाकिटं आधीच तयार असायची. तुमचा आमचा हिशोब संपला! पन्नास डॉलरच्या तिकिटाला हे करून बघा.

शहरातले कार्यक्रम बहुतेक पॉझिटिव्ह फोर्स या १९८५ मध्ये सुरू झालेल्या तरुणांच्या गटाबरोबर, मोफत दवाखान्यासारख्या एखाद्या कामाच्या मदतीसाठी. १२ जानेवारी १९९१ ला, आखाती युद्ध सुरू व्हायच्या तोंडावर, ते व्हाइट हाउससमोरच्या लाफायेट पार्कमध्ये निषेध म्हणून वाजवून आले. तिकीट शून्य.

हे ऐकताना सगळं फार गोड वाटतं. तसं ते नव्हतं. स्वस्त तिकीट आणि उघडं दार एवढ्याने जागा सगळ्यांची होत नाही. धडकाधडकीत पुढची जागा दांडगट मुलांची आणि मुली मागे भिंतीला, हे वर्षानुवर्षं चाललं. १९९१ च्या उन्हाळ्यात डीसीजवळ आर्लिंग्टनला पॉझिटिव्ह फोर्सच्याच घरात मुलींनी बैठका घ्यायला सुरुवात केली, त्यातून रायट गर्ल चळवळीला जोर आला. बिकिनी किलसारखे बँड स्टेजवरून मुलींना पुढे बोलवायचे. म्हणजे पंकवाल्यांनी प्रमोटरला विचारलेला प्रश्न मुलींनी पंकवाल्यांना विचारला. जागा कोणाची?

दुसरं उदाहरण बर्कलीचं. ९२४ गिलमन स्ट्रीट, ३१ डिसेंबर १९८६ ला उघडलेला क्लब, ज्याच्या मागे मॅक्सिमम रॉकअँडरोल मासिकाचा टिम योहानन होता. वर्षाची दोन डॉलर वर्गणी भरा, सभासद व्हा. दारू नाही, मारामारी नाही, वंशद्वेष नाही. दारावर, साउंडवर, झाडूवर सगळीकडे स्वयंसेवक. १९८८ मध्ये योहाननच्या गटाने अंग काढून घेतलं. मालकाचा क्लब असता तर तिथेच कुलूप लागलं असतं. इथे थोड्याच दिवसांत दुसऱ्या मंडळींनी सूत्रं हातात घेतली.

गिलमनचा एक कडक नियम होता. मोठ्या रेकॉर्ड कंपनीशी करार केलेला बँड इथे वाजवणार नाही. ग्रीन डे याच क्लबात वाढलेला बँड. १९९३ मध्ये त्यांनी मोठ्या कंपनीशी करार केला आणि त्यांना घरचंच दार बंद झालं. थेट २०१५ मध्ये ते तिथे परत वाजले, तेही आगीत नुकसान झालेल्या एका प्रकाशन संस्थेच्या आणि छापखान्याच्या मदतीसाठी. नियम कठोर होता, कदाचित कोता होता. पण त्यामागचा हिशोब समजतो. छोट्या जागेत एकदा प्रसिद्ध नावं यायला लागली की उद्याच्या अनोळखी पोरांना शनिवारची रात्र मिळत नाही.

आता मोठ्या मैदानात येऊ. फुगाझीसारख्या बँडना पर्याय होते. लाखो चाहत्यांच्या बँडला ते असतात का? सिअ‍ॅटलच्या पर्ल जॅमने हे करून बघितलं. त्यांना तिकीट १८ डॉलर ठेवायचं होतं आणि वरची सेवा आकारणी दहा टक्क्यांच्या आत, म्हणजे १ डॉलर ८० सेंट. टिकेटमास्टरने ऐकलं नाही. मोठ्या स्टेडियमांशी टिकेटमास्टरचे एकमेव विक्रेता म्हणून करार होते, त्यामुळे त्यांना टाळायचं तर स्टेडियमच टाळावं लागायचं. मे १९९४ मध्ये बँडने न्याय खात्याकडे तक्रार केली, ३० जूनला दोघेजण संसदेच्या उपसमितीसमोर साक्ष देऊन आले, आणि जुलै १९९५ मध्ये खात्याने चौकशी गुंडाळली. चर्चच्या तळघरात पंचवीस हजार लोक बसत नाहीत, हा त्यातला धडा.

पण एकदा त्यांनी जागा शोधलीच होती. ५ नोव्हेंबर १९९३, कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात इंडिओ गावचं पोलोचं मैदान. सुमारे पंचवीस हजार लोक आले. कार्यक्रम कोणी केला? गोल्डनव्हॉइसने. टॉलेटच्या डोक्यात ते मैदान राहिलं आणि ऑक्टोबर १९९९ मध्ये तिथेच पहिला कोचेला महोत्सव झाला. दिवसाचं तिकीट ५० डॉलर. आठ लाख डॉलरपेक्षा जास्त तोटा झाला, २००० साली महोत्सव झालाच नाही आणि २००१ मध्ये गोल्डनव्हॉइस एईजी या बड्या कंपनीला विकली गेली. त्याच कोचेलाने २०१७ मध्ये ११ कोटी डॉलरच्या वर गल्ला जमवला. पोलिसांना चुकवत उभ्या राहिलेल्या पंक प्रमोटरचं झाड बघता बघता इथवर वाढलं, आणि मुळाशी तिकीट कंपनीविरुद्धचं बंड होतं! तिकडे टिकेटमास्टर २०१० मध्ये लाइव्ह नेशन या सगळ्यात मोठ्या प्रमोटरमध्ये विलीन झाली आणि मे २०२४ मध्ये न्याय खात्याने या जोडगोळीविरुद्ध मक्तेदारीचा खटला भरला. पर्ल जॅमच्या तक्रारीनंतर बरोब्बर तीस वर्षांनी.

मग जिंकलं कोण? आकड्यांत बघितलं तर उत्तर उघड आहे. पण मला वाटतं हे भांडण मुळात पैसा वाईट की चांगला याबद्दल नव्हतंच. फुगाझीच्या रेकॉर्ड भरपूर खपल्या, त्यांनी पैसे मिळवले. भांडण होतं ते अटी कोण लिहितो याबद्दल. टोव्हारकडे मन मोठं होतं, पण अटी त्याच्या खिशात होत्या. तो गेला, कंपनी विकली गेली, आणि मन त्या सौद्यात आलं नाही. गिलमनमध्ये अटी भिंतीवर लिहिलेल्या होत्या. माणसं बदलली तरी भिंत तिथेच.

याची किंमत असते, ती नाकारून चालणार नाही. बिनपगारी श्रम, झोपायला कोणाच्या तरी घरची फरशी, आणि रात्री बारा वाजता हॉल झाडणारं कोणीतरी. पाच डॉलरच्या तिकिटातला न दिसणारा खर्च हाच. ती माणसं दमली की सगळं थांबतं.

फुगाझी थांबलेच. एक हजारावर कार्यक्रम, अमेरिकेची पन्नासही राज्यं, आणि ४ नोव्हेंबर २००२ ला लंडनमध्ये शेवटचा कार्यक्रम. पण त्यांच्या साउंडवाल्यांनी आठशेच्या वर कार्यक्रम ध्वनिमुद्रित करून ठेवले होते. डिसेंबर २०११ पासून ते एकेक करून डाउनलोडसाठी खुले केले गेले. एका कार्यक्रमाची सुचवलेली किंमत?

पाच डॉलर. परवडत नसेल तर एक डॉलर द्या, मन मोठं असेल तर शंभर. वयाची अट नाही.