आंब (हरभऱ्याची)

हरभऱ्याची (सायसर ॲरिएटिनम, कुल फॅबेसी) पाने, कोवळी खोडे व घाटे यांवर स्रवणारा आंबट द्रव. आयुर्वेदीय ग्रंथांत यास ‘चणकाम्ल’ म्हटले आहे.

उत्पत्ती : झाडावरील बारीक केसांपैकी काहींच्या टोकाशी ग्रंथी असतात, त्यांतून आंबेचे थेंब बाहेर पडतात. दवात ते विरघळून पसरतात, पावसाने धुऊन जातात. वाण, झाडाचे वय व हवामान यांनुसार अम्लांचे प्रमाण बदलते.

रासायनिक घटक : मॅलिक व ऑक्झॅलिक ही मुख्य अम्ले, सायट्रिक, सक्सिनिक व फ्युमॅरिक अल्प प्रमाणात. स्राव तीव्र अम्लधर्मी असतो.

घाटेअळी व आंब : काही अभ्यासकांनी कीडप्रतिकाराचे श्रेय मॅलिक अम्लास दिले होते. पाटणचेरू येथील इक्रिसॅट संस्थेतील संशोधनात (१९९५) मात्र अळीच्या कृत्रिम खाद्यात ऑक्झॅलिक अम्ल मिसळल्यावर तिची वाढ खुंटली. मॅलिकने तसे झाले नाही. आंब हे संरक्षण अपुरे आहे, कारण प्रतिकारक्षम वाणांवरही घाटेअळी पडते.

पुण्यातील संशोधन : पाषाण येथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत (स्थापना १९५०) प्रभाकर रांजेकर, विद्या गुप्ता, अशोक गिरी प्रभृतींनी याच अळीचा अभ्यास केला. त्यांचा विषय पृष्ठस्राव नसून बियांतील प्रोटिनेज-रोधके (प्रथिने पचवणाऱ्या विकरांना रोखणारे घटक) हा होता; तरी आंबेचा अडसर ओलांडून आत शिरलेल्या अळीपुढे झाडाची पुढची तटबंदी हीच असल्याने त्याचे महत्त्व मोठे आहे. अळीच्या आतड्यातील प्रोटिनेजे हरभऱ्यातील ही रोधके निकामी करू शकतात, असे त्यांनी दाखवले (१९९८). भुईमूग, चौधारी घेवडा व बटाटा या, अळीचे नेहमीचे खाद्य नसलेल्या वनस्पतींतील रोधके अधिक प्रभावी ठरली. मात्र अळी जुळवून घेत असल्याने ही रोधके आलटून पालटून वापरावी लागतील, असा निष्कर्ष निघाला (१९९९).

संकलन व उपयोग : रात्री पिकावर स्वच्छ फडके पसरतात किंवा पहाटे ते पिकावरून फिरवतात, दवासह टिपलेली आंब पिळून बाटलीत भरतात. अपचन व पोटदुखीवर ती पाण्यातून थोडी देण्याची घरगुती रीत आहे. ऑक्झॅलिक अम्लामुळे मूतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी ती टाळावी. आंबटपणा टिकावा म्हणून हरभऱ्याची कोवळी भाजी अनेक घरांत धूत नाहीत. फवारणी झालेल्या पिकाबाबत ही रीत सोडणेच योग्य.

हरभऱ्याचे वाण : विजय, विशाल, दिग्विजय (महात्मा फुले कृषी विद्यापीठ, राहुरी).