‘गॅल्व्हनाइज’ आणि सुरगाण्याची पावले

इंग्रजीतील ‘गॅल्व्हनाइज’ या क्रियापदाला इटलीतील बोलोन्याचे शरीरशास्त्रज्ञ लुईजी गॅल्व्हानी यांचे नाव चिकटले आहे. मृत बेडकाच्या पायाला दोन धातूंचा स्पर्श होताच तो आखडतो, हे निरीक्षण त्यांनी १७९१ मध्ये प्रसिद्ध केले. त्यावरून सुस्त माणसांना धक्का देऊन हालते करणे, हा अर्थ रूढ झाला. लोखंडावर जस्ताचा थर चढविणे हा दुसरा अर्थ. घरावरच्या जस्ती पत्र्यांमुळे तो आपल्या परिचयाचा आहे.

पहिला अर्थ सुरगाण्याला लावताना मात्र आम्हांस खटकतो. मार्च २०१८ मध्ये या तालुक्यातील अनेक आदिवासी शेतकरी मोर्चाबरोबर नाशिकहून सुमारे १८० किलोमीटर चालत १२ तारखेला मुंबईच्या आझाद मैदानावर पोहोचले. कसत असलेली वनजमीन २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणे नावावर व्हावी, ही त्यांची एक मुख्य मागणी. दहावीच्या परीक्षार्थींची अडचण होऊ नये म्हणून अखेरची मजल मोर्चाने रात्रीच चालून संपविली.

धक्क्याने उडालेला पाय दुसऱ्याच्या परीक्षेचा विचार करीत नाही. मराठीत माणूस ‘जागा होतो’. गोदावरी परुळेकर यांनी वारल्यांच्या लढ्यावरील पुस्तकाला ‘जेव्हा माणूस जागा होतो’ असेच नाव दिले. हाक मारणारा दुसरा असेल, पण उठतो तो माणूस स्वतःच. अशा माणसांविषयी आपण कोणते क्रियापद योजतो, त्यावरून आपण त्यांना काय समजतो, हे उघड होते.