पाया खचल्यावर

‘बे दुणे चार’ हें आपण लहानपणीं घोकून शिकलों, आणि पुढें त्याविषयीं शंका घेण्याचें कारण बहुधा कोणास पडलें नाहीं. व्यापारी, इंजिनियर, ज्योतिषी, सारे त्यावर निर्धास्तपणें विसंबतात. तथापि हें खरें कशावरून, असा प्रश्न जर्मनींतील येना विद्यापीठाचा प्राध्यापक गोटलोब फ्रेगे यानें विचारला, आणि त्याच्या उत्तरासाठीं हयात वेंचली. संख्या ही मनाची कल्पना नव्हे, किंवा गोट्या मोजून मिळालेला अनुभवहि नव्हे. सगळें अंकगणित केवळ तर्काच्या नियमांतून निष्पन्न होतें, असें त्याचें म्हणणें. १८७९ सालीं त्यानें यासाठीं एक नवी चिन्हलिपि रचली. १८९३ त ‘अंकगणिताचे मूलनियम’ या ग्रंथाचा पहिला खंड काढला. तीं विचित्र चिन्हें पाहून गणिती व तत्त्वज्ञ दोघेहि दूर राहिले. दुसऱ्या खंडाचा खर्च त्यास पदरचा करावा लागला.

तो खंड छापखान्यांत असतां, १६ जून १९०२ रोजीं, बर्ट्रांड रसेल या तीस वर्षांच्या इंग्रजानें त्यास पत्र लिहिलें. पत्रांत आदर पुष्कळ होता. अडचण एकच विचारली होती.

कोणताहि गुण घ्या. तो ज्यांच्या ठायीं आहे त्या वस्तूंचा एक समुच्चय असतोच, असें फ्रेगेच्या पांचव्या मूलनियमावरून निघत होतें. आतां घोड्यांचा समुच्चय हा कांहीं घोडा नव्हे. म्हणजे तो स्वतःचा घटक नाहीं. असे जे जे समुच्चय स्वतःचे घटक नाहींत, त्या सर्वांचा एक समुच्चय कल्पावा. तो स्वतःचा घटक आहे काय? आहे म्हणावें, तर नाहीं ठरतो. नाहीं म्हणावें, तर आहे ठरतो!

हेंच कोडें पुष्कळदां न्हाव्याच्या गोष्टीनें सांगतात: गांवांत जे स्वतःची दाढी करीत नाहींत त्या सर्वांची, आणि त्यांचीच, दाढी करणारा न्हावी स्वतःची करतो कीं नाहीं? मला हा दाखला फसवा वाटतो. असा न्हावी असूंच शकत नाहीं, एवढें म्हणून आपण मोकळे होतों. फ्रेगेला ती वाट नव्हती. तसा समुच्चय असलाच पाहिजे, असें त्याचा स्वतःचाच नियम सांगत होता. विसंगति पायाच्या दगडांतच होती. आणि जेथें एक विसंगति सिद्ध झाली, तेथें बे दुणे पांच हेंहि सिद्ध करतां येतें.

फ्रेगे तेव्हां त्रेपन्न वर्षांचा होता, म्हणजे जवळजवळ माझ्या वयाचा. या वयांत एखाद्या विद्यार्थ्यानें फळ्यावरची चूक दाखविली तरी आमचा चेहरा उतरतो, हें मी अनुभवानें सांगतों. फ्रेगेनें सहा दिवसांत उत्तर धाडलें. आपण हादरून गेलों हें त्यानें लपविलें नाहीं, पण शोधाचें महत्त्वहि मुक्तकंठानें मान्य केलें. ग्रंथाच्या अखेरीस परिशिष्ट जोडून रसेलच्या नांवानिशीं आपला दोष उघड केला. तेथें सुचविलेली दुरुस्ती पुढें निरुपयोगी ठरली, तरी साठ वर्षांनीं रसेलनें या सत्यनिष्ठेची जी प्रशंसा केली, तींत मला अतिशयोक्ति दिसत नाहीं. मात्र याच माणसाच्या १९२४ च्या रोजनिशींत ज्यूंविषयीं जो द्वेष आढळतो, तो वाचून मन खिन्न होतें. तर्कांतली सचोटी माणसाच्या सगळ्या जीवनांत उतरतेच असें नाहीं.

पुढील डागडुजी इतरांनीं केली. १९०८ त त्सेर्मेलोनें समुच्चय बनविण्यावर निर्बंध घातले. रसेल व व्हाइटहेड यांनीं १९१० ते १९१३ या काळांत तीन जाडजूड खंड लिहिले. त्यांत एक आणि एक दोन या सिद्धान्ताच्या उंबरठ्याशीं येण्यास साडेतीनशेंहून अधिक पानें लागतात. आणि १९३१ सालीं ग्यॉडेलनें दाखविलें कीं, अंकगणित सामावणारी अशी कोणतीहि विसंगतिरहित पद्धति आपल्या निर्दोषपणाची ग्वाही स्वतःच्या साधनांनीं देऊं शकत नाहीं.

हें पाहण्यास फ्रेगे हयात नव्हता. तो १९२५ त वारला. शेवटच्या दिवसांत त्यानें तर्काचा पाया सोडून भूमितीवर संख्या उभारण्याचा विचार आरंभिला होता. त्याचीं थोडीं टिपणें मागें राहिलीं.