व्हेनिस : उत्सव व सांस्कृतिक वर्ष

व्हेनिस (इटालियन नाव व्हेनेत्सिया) : इटलीच्या ईशान्य भागात, एड्रिॲटिक समुद्रालगतच्या खारकच्छात सुमारे ११८ लहान बेटांवर वसलेले शहर, व्हेनेतो प्रदेशाची राजधानी. मुख्य बेटांवरील वस्ती १९५१ मध्ये सुमारे १,७५,००० होती. २०२२ मध्ये ती ५०,००० च्या खाली उतरली. मेस्त्रे व इतर भाग धरून महापालिका क्षेत्राची लोकसंख्या सुमारे अडीच लाख. शहर व खारकच्छ यांचा १९८७ मध्ये जागतिक वारसास्थळांत समावेश झाला. प्रस्तुत नोंद मुख्यतः येथील वार्षिक उत्सवांविषयी आहे.

परंपरेनुसार नगरीचा जन्म २५ मार्च ४२१ रोजी झाला असे मानतात. प्रजासत्ताक १२ मे १७९७ रोजी नेपोलियनपुढे कोसळले. तोवर येथील सरकारी वर्ष १ मार्चला सुरू होत असे. म्हणजे फेब्रुवारीत येणारा कार्निव्हल हा बहुधा सरत्या वर्षाचा सण. व्हेनिसच्या सणांचा उगम समजून घ्यायचा तर ही शासकीय चौकट लक्षात ठेवावी लागते. विजय, तह, संतांचे अवशेष, महामारीतून सुटका, अशा प्रत्येक मोठ्या घटनेसाठी सिनेटने दिवस नेमून दिला आणि त्या दिवशी निर्वाचित प्रमुख डोजे याने कोठे जायचे हेही ठरवून दिले. डोजेपद जाऊन सव्वादोनशे वर्षे उलटली, तरी त्यांतील काही दिवस नागरिकांनी स्वतःकडे ठेवले आहेत. जगाला माहीत आहे तो कार्निव्हल. शहराचे स्वतःचे म्हणावेत असे सण मात्र नवसाचे दोन, जुलैतला रेदेन्तोरे आणि नोव्हेंबरातला सालूते.

कार्निव्हल : चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू होण्यापूर्वीचा उत्सव. डोजे व्हिताले फालिएर याच्या १०९४ च्या दस्तऐवजात सार्वजनिक करमणुकीचा उल्लेख येतो, तर १२९६ मध्ये सिनेटने उपवासापूर्वीचा शेवटचा दिवस सुटीचा ठरवला. मुखवटे करणाऱ्या कारागिरांच्या संघाची नियमावली १४३६ ची आहे. पांढरा मुखवटा, काळा झगा व तिकोनी टोपी यांच्या ‘बाउता’ या वेशात उमराव आणि हातगाडीवाला यांत फरक उरत नसे, म्हणून सरकारने तो कधी चालू दिला, तर कधी त्याला वेळेच्या मर्यादा घातल्या. अठराव्या शतकात मुखवट्यांचा मोसम शरद ऋतूतच सुरू होऊन मध्ये थोडे खंड पडत उपवासकाळापर्यंत चाले. प्रजासत्ताकाबरोबर उत्सवही संपला. १९७९–८० च्या सुमारास स्थानिक संघटना, महापालिका आणि बिएनाले या कलासंस्थेचा नाट्यविभाग यांनी तो पुन्हा उभा केला. दिग्दर्शक माउरित्सिओ स्कापार्रो यांचा त्यात मोठा वाटा होता. सोळाव्या शतकाच्या मध्यास एक तुर्क डोंबारी दोरावरून सान मार्को चौकातील घंटामनोऱ्यापर्यंत चढून गेला होता. ‘देवदूताचे उड्डाण’ हा खेळ त्यातून आला. या दिवसांत ‘फ्रितोले’ (तळलेले गोड गोळे) आणि ‘गालानी’ (पिठीसाखर भुरभुरलेल्या पातळ खुसखुशीत पट्ट्या) घरोघर व बेकरीत होतात. दुकानांत सर्वत्र टांगलेला लांब चोचीचा मुखवटा मुळात गंमतीचा नव्हे. प्लेगच्या रुग्णांकडे जाणाऱ्या वैद्यांचा तो पोशाख होय. २०२० चा उत्सव कोरोनामुळे ठरल्या दिवसाच्या दोन दिवस आधी, २३ फेब्रुवारीला थांबवण्यात आला.

रेदेन्तोरे (तारणहाराचा उत्सव) : १५७५–७७ च्या प्लेगने शहरातील सुमारे ५०,००० माणसे नेली. चित्रकार तित्सियान ऑगस्ट १५७६ मध्ये त्याच साथीच्या काळात वारला. त्यापुढच्या महिन्यात सिनेटने नवस केला की, साथ हटली तर तारणहार ख्रिस्ताला चर्च बांधू आणि डोजे दरवर्षी तेथे दर्शनाला जाईल. काम आन्द्रेआ पाल्लादिओकडे सोपवले गेले, ३ मे १५७७ रोजी पायाचा दगड बसला आणि जुलैत साथ संपल्याचे जाहीर झाले. तेव्हा चर्चच्या भिंतीही उभ्या नव्हत्या. तरीही लेपान्तोच्या आरमारी लढाईचा सेनानी, वृद्ध डोजे सेबास्तियानो व्हेनिएर, होड्या जोडून केलेल्या पुलावरून जूदेक्का बेटावर गेला आणि तात्पुरत्या मांडवात आभाराची प्रार्थना झाली. पाल्लादिओ १५८० मध्ये वारला. चर्चचे प्रतिष्ठापन झाले १५९२ मध्ये.

नवस आजही फेडला जातो. जुलैच्या तिसऱ्या रविवारी मुख्य विधी असतो. त्याआधी झात्तेरे धक्क्यापासून चर्चच्या पायऱ्यांपर्यंत सुमारे ३३० मीटर लांबीचा तरता पूल जोडतात. एरवी जूदेक्काला पायी जाता येत नाही. वर्षातले हे काही दिवस तेवढे जाता येते. शनिवारी संध्याकाळी सान मार्कोसमोरचे पाणी फांद्या व कागदी कंदील लावलेल्या होड्यांनी भरून जाते. काठावर आणि होड्यांतच जेवणे होतात : कांदा व व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या तारल्या (‘सार्दे इन साओर’), बदक आणि शेवटी कलिंगड. मध्यरात्रीच्या आधी सुरू होणारे शोभेचे दारूकाम पाऊणएक तास चालते. रविवारी मिस्सा व होड्यांच्या शर्यती. २०२० मध्ये दारूकाम रद्द झाले, पण नवसाचा धार्मिक विधी झाला. साथीच्या वर्षी साथीचा नवस चुकवला नाही, ही गोष्ट नोंदवण्याजोगी आहे.

सालूते (आरोग्यमातेचा उत्सव) : १६३०–३१ च्या साथीत शहरात सुमारे ४६,००० मृत्यू झाले, डोजे निकोलो कोन्तारीनीही १६३१ मध्ये मरण पावला. २२ ऑक्टोबर १६३० च्या नवसानुसार ग्रँड कॅनॉलच्या मुखाशी सान्ता मारिया देल्ला सालूते हे अष्टकोनी चर्च उभारले गेले. स्थपती बाल्दास्सारे लोंगेना निवड झाली तेव्हा तिशीत होता. मऊ चिखलात दहा लाखांहून अधिक लाकडी खुंट ठोकून पाया तयार केल्याचे जुने वृत्तान्त सांगतात. चर्चचे प्रतिष्ठापन १६८७ मध्ये झाले, लोंगेनाच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी. नवसाच्या दोन्ही चर्चांचे प्रतिष्ठापन त्यांच्या निर्मात्यांनी पाहिले नाही. मुख्य वेदीवरील मातेची प्रतिमा क्रीट बेट तुर्कांकडे गेल्यावर १६७० मध्ये तेथून आणली गेली.

२१ नोव्हेंबरला ग्रँड कॅनॉलवर तात्पुरता पूल टाकतात. धुके आणि थंडी यांचा हा काळ. पर्यटक कमी, म्हणून रांगेत कानावर येते ती बहुतांशी व्हेनेतोची बोली. दिवसभर माणसे येतात, मेणबत्ती लावतात, वेदीला वळसा घालून बाहेर पडतात. मुलांसाठी बाहेर फुगे आणि मिठाईची दुकाने लागतात. घरी ‘कास्त्रादीना’ शिजते : खारवून, धुरावून, वाळवलेले मटण कोबीबरोबर तासन्‌तास उकळून केलेला रस्सा. हे मटण पूर्वी डाल्मेशियाच्या किनाऱ्यावरून येई. साथीत इतर व्यापारी दूर राहिले तेव्हा डाल्मेशियनांनी पुरवठा चालू ठेवला, त्याची ही आठवण आहे असे लोक सांगतात.

प्लेगशी व्हेनिसचा संबंध नवसापुरता नव्हता. १४२३ मध्ये खारकच्छातील एका बेटावर कायमस्वरूपी प्लेग रुग्णालय (लाझ्झारेत्तो व्हेक्किओ) स्थापन झाले. ‘क्वारंटाइन’ या शब्दामागे ‘चाळीस दिवस’ या अर्थाचा तिकडचाच शब्द आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग उद्भवला, तेव्हा त्याला अटकाव कसा करायचा यासाठी १८९७ ची आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद व्हेनिसलाच भरली. मुंबईहून निघणारी जहाजे व यात्रेकरू यांवरील निर्बंध हा तेथील चर्चेचा मुख्य विषय होता.

सेन्सा (स्वर्गारोहण दिन) : ईस्टर धरून चाळिसाव्या दिवशी येणाऱ्या या सणाला, सन १००० मध्ये, डोजे पिएत्रो दुसरा ओर्सेओलो डाल्मेशियाच्या मोहिमेवर निघाला. पोप तिसरा अलेक्झांडर व सम्राट बार्बारोसा यांचा ११७७ मध्ये येथे समेट झाला. पोपने डोजेला अंगठी दिली अशी कथा आहे. ‘बुचिन्तोरो’ या सोनेरी नौकेतून लीदो बेटापाशी जाऊन डोजे समुद्रात अंगठी टाकत असे. त्यालाच समुद्राशी विवाह म्हणत. १७२९ मध्ये बांधलेली शेवटची बुचिन्तोरो फ्रेंचांनी १७९८ मध्ये सोन्यासाठी जाळली. आता सणानंतरच्या रविवारी महापौर हा विधी करतात.

रेगाता स्तोरिका : सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी ग्रँड कॅनॉलवर. सायप्रसची राणी कातेरिना कोर्नारो हिने १४८९ मध्ये राज्य व्हेनिसला दिले, तिच्या स्वागताचा देखावा मिरवणुकीत असतो. शर्यतीत वल्ही उभे राहून मारतात. पहिल्या चौघांना अनुक्रमे तांबडे, पांढरे, हिरवे व निळे निशाण मिळते. चौथ्याला पूर्वी डुकराचे पिल्लूही मिळे. व्होगालोंगा (१९७५ पासून, वसंतात) ही सुमारे ३० किमी.ची फेरी शर्यत नाही. मोटारबोटींच्या लाटांनी इमारतींचे पाये झिजतात, त्याविरुद्ध वल्हेकऱ्यांनी काढलेला तो मोर्चाच आहे.

इतर दिवस : ६ जानेवारीला बेफाना या म्हातारीचे वेष घेतलेले पुरुष वल्ह्यांची शर्यत लावतात. २५ एप्रिलला, संत मार्कच्या दिवशी, पुरुष पत्नीला वा प्रेयसीला गुलाबाची कळी देतात; हाच इटलीचा मुक्तिदिन. ११ नोव्हेंबरला मुले भांडी बडवत दुकानोदुकानी खाऊ मागतात.

बिएनाले व चित्रपट महोत्सव : राजा उंबेर्तो व राणी मार्गेरिता यांच्या विवाहाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त नगरसभेने १८९३ मध्ये ठराव केला आणि १८९५ मध्ये पहिले कलाप्रदर्शन भरले. संगीत (१९३०), चित्रपट (१९३२), नाट्य (१९३४), वास्तुकला (१९८०) व नृत्य (१९९९) हे विभाग पुढे जोडले गेले. महामारीमुळे २०२१ चे कलाप्रदर्शन २०२२ मध्ये झाले. तेव्हापासून कला सम वर्षी व वास्तुकला विषम वर्षी असते. भारताच्या २०११ च्या राष्ट्रीय दालनाची मांडणी मुंबईचे कवी व कलासमीक्षक रणजित होस्कोटे यांनी केली होती.

चित्रपट महोत्सव ६ ऑगस्ट १९३२ रोजी लीदोवरील एका हॉटेलच्या गच्चीत सुरू झाला. प्रभातच्या संत तुकाराम (१९३६; दिग्दर्शक दामले व फत्तेलाल) या मराठी चित्रपटाचा येथे १९३७ मध्ये गौरव झाला. सत्यजित राय यांच्या अपराजितोला १९५७ मध्ये व मीरा नायर यांच्या मॉन्सून वेडिंगला २००१ मध्ये सुवर्णसिंह हा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. चैतन्य ताम्हाणे यांच्या कोर्टला २०१४ मध्ये ओरिझ्झोन्ती विभागातील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा व पदार्पणाचा पुरस्कार, तर द डिसायपलला २०२० मध्ये पटकथेचा पुरस्कार मिळाला. मराठी चित्रपटाला इतका जुना आणि इतका ताजा मान देणारे युरोपीय शहर दुसरे क्वचितच असेल.

ला फेनिचे हे संगीतनाट्यगृह १७९२ चे. १८३६ व १९९६ मध्ये जळाले आणि दोन्ही वेळा पुन्हा उभे राहिले.

अर्थव्यवस्था : पर्यटन प्रमुख. मुरानोची काच, बुरानोची लेस, पोर्तो मार्गेरा येथे बंदर व कारखाने.

भरती व प्रवेशशुल्क : ४ नोव्हेंबर १९६६ रोजी पाणी १९४ सेंमी. व १२ नोव्हेंबर २०१९ रोजी १८७ सेंमी. चढले. ‘मोसे’ हे भरतीरोधक दरवाजे ३ ऑक्टोबर २०२० रोजी प्रथम प्रत्यक्ष भरतीविरुद्ध वापरले गेले. २५ एप्रिल २०२४ पासून ठरावीक दिवशी एका दिवसापुरत्या येणाऱ्या पर्यटकांना ५ युरो प्रवेशशुल्क लागू झाले. २०२५ मध्ये ऐनवेळी नोंदणी करणाऱ्यांना ते १० युरो होते. व्हेनेतो प्रदेशातील रहिवाशांना ते नाही.