परवाना माणसाचा, पासिंग राज्याचे: नायगावात नव्याने आलेल्या दुचाकीस्वारांचा इतिहास

मुंबईत वाहन हाकण्यासाठी सरकारी परवाना लागू लागला तो मोटार येण्याच्या कितीतरी आधी. १८६३ च्या मुंबई पब्लिक कन्व्हेयन्सेस कायद्याने भाड्याच्या घोडागाड्या आणि त्या हाकणारे गाडीवान यांच्यावर परवान्याचे बंधन आणले. विसाव्या शतकाच्या तोंडावर शहरात मोटारी दिसू लागल्या आणि १९०४ मध्ये मुंबई इलाख्याने स्वतःचा मोटार वाहन कायदा केला. १९१४ च्या कायद्याने साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानासाठी एक चौकट आखली, तपशिलाचे नियम मात्र इलाख्यांवर सोपवले. मुंबई शहरात सुरुवातीला गाडीची नोंद आणि चालकाचा परवाना ही दोन्ही कामे पोलीस आयुक्तांकडे होती. मोटारसायकलही याच कायद्यांच्या कक्षेत आली.

याच काळात नायगाव गिरणगावाचा भाग म्हणून भरत होते. कोकण, देश आणि बेळगावकडून गिरण्यांत कामाला येणाऱ्यांसाठी बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने (बीडीडी) १९२० च्या दशकात वरळी, डिलाईल रोड, शिवडी आणि नायगाव येथे मिळून २०७ चाळी बांधल्या. त्यांपैकी ४२ नायगावात होत्या. चार मजल्यांच्या एका चाळीत ८० खोल्या, आणि एकेक खोली सुमारे १६० चौरस फुटांची. भाडेपावती एकाच्या नावावर असली तरी त्या खोलीत त्याचे भाऊबंद, गावकरी आणि पोटभाडेकरू पाळीपाळीने झोपत. काही गावांनी गावकीच्या नावाने खोल्या घेतल्या होत्या. नवा माणूस आपली ट्रंक तिथे ठेवी, जेवायला खानावळीत जाई आणि पगाराची मनिऑर्डर गावी धाडी. त्याचे नाव घराच्या कोणत्याही कागदावर नसे. कामगाराला मोटारसायकल परवडत नव्हती तोवर ही उणीव जाणवली नाही. पुढे मात्र परवाना, नोंदणी आणि विमा या तिन्ही ठिकाणी त्याला हाच प्रश्न विचारला जाणार होता: राहतोस कुठे?

१९३९ च्या मोटार वाहन कायद्याने या व्यवस्थेला जो आकार दिला, तो आजही बराचसा टिकून आहे. चालकाचा परवाना माणसाच्या कौशल्याचा दाखला ठरला आणि तो प्रांताची हद्द ओलांडून चालू लागला. गाडीची नोंद मात्र प्रांताशी बांधलेली राहिली, कारण गाडीवरचा कर प्रांताच्या तिजोरीत जात होता. एका प्रांतात नोंदलेली गाडी दुसऱ्या प्रांतात १२ महिन्यांहून अधिक काळ ठेवली, तर तिथला नवा क्रमांक घेणे मालकाला बंधनकारक झाले. म्हणजे गाव सोडून आलेल्या माणसाचे लायसन्स मुंबईत चाले, पण त्याच्या गाडीचे पासिंग, म्हणजे नोंदणी, वर्षभरानंतर परके ठरे. ही तरतूद १९८८ च्या कायद्याच्या कलम ४७ मध्ये तशीच आली आणि आजही लागू आहे.

तिसरा धागा विम्याचा. १९३९ पूर्वी मोटारीखाली सापडलेल्या पादचाऱ्याला भरपाईसाठी दिवाणी दावा लावावा लागे, आणि दावा जिंकूनही गाडीवाल्याकडे पैसे नसले तर हाती काही येत नसे. ब्रिटनमध्ये १९३० च्या रोड ट्रॅफिक कायद्याने तिसऱ्या पक्षाचा विमा सक्तीचा केला होता. हिंदुस्थान सरकारने १९३६-३७ मध्ये रफ्टन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्या शिफारशींतून १९३९ च्या कायद्यात विम्याचे स्वतंत्र प्रकरण आले, आणि ते १ जुलै १९४६ पासून अमलात आले. १९५६ च्या दुरुस्तीने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणांची वाट मोकळी केली. हा विमा मुळात गाडीवाल्याच्या सोयीसाठी नव्हता. रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला भरपाई मिळावी, हा त्याचा हेतू होता. गाडी परगावची आहे की परराज्यातली, याने जखमी माणसाच्या हक्कात फरक पडत नाही.

स्वातंत्र्यानंतरच्या दशकात हद्दीच हलल्या. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव आणि कारवार जिल्हे मुंबई राज्यात होते. तिथून नायगावात येणारा माणूस एकाच राज्यात फिरत होता. राज्य पुनर्रचनेत हे जिल्हे म्हैसूर राज्यात गेले आणि त्याच वाटेने येणारी गाडी परराज्याची झाली. उलट मराठवाडा हैदराबाद राज्यातून आणि विदर्भ मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला, त्यामुळे तिथल्या गाड्या घरच्या झाल्या. १ मे १९६० ला गुजरात वेगळे झाले. गोव्याची गोष्ट याहून निराळी. १९ डिसेंबर १९६१ पर्यंत तिथे पोर्तुगीज अंमल होता, म्हणून सावंतवाडीचा माणूस मुंबईत घरचा आणि शेजारच्या पेडण्याचा माणूस परदेशी अंमलाखालचा. माणसे, भाषा आणि एसटीचा रस्ता तेच राहिले, बदलले ते फक्त नोंदीचे राज्य.

दुचाकी सामान्य नोकरदाराच्या घरी आली ती याच सुमारास. मुंबईच्या ऑटोमोबाईल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाने १९५० च्या दशकात लॅम्ब्रेटा स्कूटर बनवायला घेतली. बजाजने १९६० च्या दशकात आकुर्डीच्या कारखान्यात व्हेस्पा बांधली. तरी मागणीच्या मानाने उत्पादन तोकडे होते आणि स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नंबर लावावा लागे. त्यामुळे गावाकडे नोंदवलेली किंवा नातलगाकडून आलेली जुनी गाडी मुंबईला आणणे हा अनेकांचा मार्ग होता. १९७२ मध्ये कायनेटिकची लुना आली आणि ५० सीसीच्या मोपेडने दुचाकीचे दार आणखी उघडले. जानेवारी १९८२ पासूनच्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे थंडावले. पुढच्या काळात गिरणगावात कुरिअर, विक्री आणि वसुलीची कामे वाढली, आणि या कामांत दुचाकी हेच मुख्य हत्यार होते.

१९८८ चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला. त्यासोबत आलेल्या केंद्रीय नियमांनी वय आणि पत्ता यांच्या पुराव्यांची यादी ठरवून दिली: मतदार यादीतले नाव, आयुर्विम्याची पॉलिसी, पासपोर्ट, सरकारी वेतनचिठ्ठी, शाळेचा दाखला. नायगावच्या चाळीत पोटभाड्याने राहणाऱ्याकडे यांतला सहसा एकच कागद असे, शाळेचा दाखला, आणि त्यावरून वय कळे, मुंबईतला पत्ता कळत नसे. पत्ता दाखवण्यासाठी रेशनकार्डात नाव घालायचे तर आधी गावच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला आणावा लागे, आणि तो देण्याआधी गावाकडचे घर विचार करी, कारण तिथली साखर आणि रॉकेल त्या नावावर येत असे. अशांसाठी नियमांत एक खिडकी होती. दंडाधिकाऱ्यांसमोर किंवा नोटरीपुढे केलेले प्रतिज्ञापत्र लायसन्स अधिकारी ग्राह्य धरू शकत. आरटीओच्या आवाराबाहेर स्टॅम्पपेपर, टंकलेखक आणि एजंट यांची जी रांग लागली, तिला ही खिडकी बरीच कारणीभूत होती.

दक्षिण आणि मध्य मुंबईचे आरटीओ ताडदेवला आहे आणि त्याचे पासिंग एमएच ०१. तिथली क्रमवारी ठरलेली असे. आधी लर्निंग लायसन्स, त्यासाठी वाहतुकीच्या चिन्हांची परीक्षा. मग किमान ३० दिवसांचा सराव. त्या काळात गाडीला पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर लाल ‘एल’ लावायचा. लर्निंगची मुदत सहा महिन्यांची, तेवढ्या काळात पक्क्या लायसन्सची चाचणी द्यायची. दुचाकीच्या चाचणीत इंग्रजी आठच्या आकड्यासारखी वळणे पाय न टेकवता घ्यायची असतात. ज्याचा हात बसलेला आहे तो हे काही सेकंदांत करतो. गावच्या रस्त्यावर वर्षानुवर्षे गाडी चालवलेल्या नवख्याला चाचणीची धास्ती क्वचितच असे. त्याचे घोडे अडे ते पत्त्याच्या कागदापाशी.

गाडीचे पासिंग बदलणे याहून किचकट. आधी मूळ आरटीओकडून ना हरकत प्रमाणपत्र आणायचे. त्यासाठीच्या फॉर्म २८ वर चासी नंबरचा ठसा लागतो: चासीवर कोरलेल्या आकड्यांवर कागद धरून पेन्सिल घासायची, म्हणजे आकडे कागदावर उमटतात. गाडी कर्जावर असेल तर बँकेची किंवा फायनान्स कंपनीची संमती हवी. गाडी चोरीची नाही, थकीत दंड आणि कर नाही, हे दाखवायचे. मग मुंबईत फॉर्म २७, गाडीची तपासणी आणि महाराष्ट्राचा कर. दुचाकीचा कर एकरकमी भरायचा असतो. मूळ राज्यात तो भरलेला असतोच, म्हणून उरलेल्या वर्षांचा परतावा तिकडे मागायचा, आणि तोही नवा क्रमांक मिळाल्यावर. सामान्य नोकरदाराला एका गाडीचा कर दोनदा गुंतवून परताव्याची वाट पाहावी लागते. म्हणूनच अनेक दुचाक्या परराज्याच्या पाटीवरच धावत राहिल्या.

विम्यात या साऱ्याचे परिणाम एकत्र येतात. पॉलिसीवर गाडीचा क्रमांक, मालकाचे नाव आणि पत्ता असतो. पासिंग बदलले की विमा कंपनीकडे नोंद बदलून घ्यावी लागते, नाहीतर दाव्याच्या वेळी कागद जुळत नाहीत. चालकाकडे त्या वर्गाचे वैध लायसन्स नसणे हा विमा कंपनीचा कायदेशीर बचाव आहे. मात्र २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वर्णसिंग प्रकरणात या बचावाला मर्यादा घातली. केवळ लायसन्सात खोट आहे एवढ्यावर कंपनीची सुटका होत नाही, मालकाचा निष्काळजीपणा तिला सिद्ध करावा लागतो, आणि न्यायाधिकरण जखमी माणसाला आधी भरपाई द्यायला लावून ती रक्कम मालकाकडून वसूल करण्याची मुभा कंपनीला देऊ शकते. यात पादचाऱ्याचे रक्षण होते, पण वसुलीचा बोजा शेवटी दुचाकीवाल्यावर पडतो.

मागे बसणाऱ्याचा प्रश्न वेगळा. २००६ मध्ये तिलकसिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की केवळ कायद्यापुरत्या पॉलिसीत दुचाकीवर मागे बसलेली व्यक्ती येत नाही. विमा नियामकाने २००९ मध्ये स्पष्ट केले की पॅकेज पॉलिसीत ती येते. हप्ता वाचवण्यासाठी फक्त थर्ड पार्टी घेणाऱ्या कुटुंबाला हा फरक बहुधा अपघातानंतरच कळतो. तसाच फरक वापराचा. खासगी दुचाकीच्या पॉलिसीत भाड्याने वापर आणि नमुने किंवा स्वतःचे सामान सोडून अन्य मालाची वाहतूक वगळलेली असते. पांढऱ्या पाटीच्या गाडीवरून दिवसभर पार्सले पोचवणाऱ्या, शहरात नुकत्याच आलेल्या तरुणाने ही अट वाचून घ्यायला हवी, आणि ती त्याला त्याच्या भाषेत समजावून सांगणे हे विमा विकणाऱ्याचे कर्तव्य आहे.

देशाची हद्द ओलांडणाऱ्यांसाठी निराळी व्यवस्था उभी राहिली. १९०९ आणि १९२६ च्या पॅरिस करारांनंतर १९४९ चा जिनिव्हा करार आला आणि भारत १९६२ मध्ये त्यात सामील झाला. या करारातला आंतरराष्ट्रीय परवाना एक वर्ष चालतो आणि त्यावर वाहनांचे वर्ग वेगवेगळे नोंदलेले असतात. मोटारसायकलच्या ‘ए’ वर्गावर शिक्का नसेल तर मोटारीचा परवाना दुचाकीला उपयोगी पडत नाही. मुंबईत १९१९ मध्ये स्थापन झालेली वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशन असे परवाने देत आली. मुंबईत राहायला आलेल्या परदेशी माणसाला वर्षानंतर भारतीय लायसन्स लागते. १९८८ च्या कायद्याने परदेशी लायसन्सधारकाला चाचणीतून सूट देण्याची सोय केली, म्हणजे त्याचे कौशल्य मान्य केले. वास्तव्याचा पुरावा मात्र त्यालाही चुकला नाही.

मुंबईहून परदेशी गेलेल्या मराठी कुटुंबांनी याची दुसरी बाजू पाहिली. ब्रिटनमध्ये भारतीय लायसन्सवर १२ महिने गाडी चालवता येते. त्यानंतर ते बदलून मिळत नाही. तिथले शिकाऊ लायसन्स, १९९० पासून सक्तीचे झालेले दुचाकीचे मूलभूत प्रशिक्षण आणि मग परीक्षा, अशी नव्याने सुरुवात करावी लागते. भारतात जमवलेला नो क्लेम बोनस तिथल्या बहुतेक कंपन्या धरत नाहीत, म्हणून अनुभवी चालकही नवशिक्याचा हप्ता भरतो. भारताच्या २००२ च्या मोटार दरपत्रकात याउलट तरतूद होती: परदेशात मिळालेला बोनस, ती पॉलिसी संपल्यापासून तीन वर्षांच्या आत इथे विमा घेतल्यास, पुराव्यावर मान्य केला जाई.

गेल्या काही वर्षांत बऱ्याच गाठी सैल झाल्या. १ सप्टेंबर २०१८ पासून सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा झाला, त्यामुळे पहिल्या वर्षानंतर विमा तुटण्याचे प्रमाण रोखायला आधार मिळाला. २०१९ च्या दुरुस्तीने राज्यातल्या कोणत्याही लायसन्स कार्यालयात अर्ज करण्याची मुभा दिली. २०२१ पासून महाराष्ट्रात आधारच्या आधारे घरबसल्या लर्निंग लायसन्सची परीक्षा देता येते. त्याच वर्षी १५ सप्टेंबरपासून ‘बीएच’ मालिका सुरू झाली, तिच्या गाडीला राज्य बदलले तरी नवा क्रमांक लागत नाही. पण ही सोय संरक्षण दले, सरकारी कर्मचारी आणि चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या कंपन्यांचे नोकर यांच्यापुरतीच आहे. छोट्या दुकानात, गोदामात किंवा पार्सलच्या कामावर येणारा माणूस, म्हणजे नायगावसारख्या वस्तीत आजवर येत राहिलेला नवखा, तिच्या बाहेर राहिला. त्याच्यासाठी १९३९ ची १२ महिन्यांची अट अजूनही तशीच आहे. बीडीडी चाळींचा पुनर्विकास म्हाडाकडून सुरू झाल्यावर जुन्या रहिवाशांनाही पत्ते बदलावे लागत आहेत, आणि कायद्याप्रमाणे पत्ता बदलल्याची नोंद ३० दिवसांत आरटीओकडे करायची असते. विमा कंपनीलाही तो बदल कळवणे तितकेच गरजेचे आहे.