शाळेची भीती आणि अंगणातली शाळा
मूल शाळेला घाबरत असेल, तर बदलायचे कोणी? मुलाने की शाळेने? ताराबाई मोडकांचे उत्तर होते : शाळेने. भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात गिजुभाई बधेकांसोबत त्यांनी धाक आणि शिक्षा यांवाचून शिकवले. १९४५ मध्ये बोर्डीला अनुताई वाघ त्यांच्या कामात सामील झाल्या. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. पुढे १९५७ पासून कोसबाडला काम सुरू झाले. गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी तेथे कुरणातच शाळा भरू लागली. त्या मुलांच्या गैरहजेरीची कारणे निराळी होती. तरीही आज तेरखेड्यात एखाद्या मुलाचे दप्तर पाहताच पोट दुखू लागले, तर त्याला ओढत नेण्यापूर्वी कुरणातली ती शाळा आठवावी.